अस्मितांचा झगडा आणि जागावाटपाचं गणित

भाषा, धर्म किंवा वंशावरून एखादा देश पेटला की चर्चा दोन ठरलेल्या खुंट्यांना जाऊन अडकते. एक गट म्हणतो, या दोन संस्कृती मुळातच वेगळ्या, शतकांचं वैर, हे कधीतरी होणारच होतं. दुसरा म्हणतो, साधी माणसं गुण्यागोविंदानं नांदत होती, पुढाऱ्यांनी मतांसाठी काडी लावली. पहिल्याकडे जुन्या लढायांची यादी असते, दुसऱ्याकडे शेजाऱ्यांच्या सलोख्याच्या गोष्टी. दोघांनाही एक साधा प्रश्न विचारून पाहावा. वैर जुनंच असेल तर ते मधली चाळीस वर्षं झोपलं होतं का? आणि पुढाऱ्यांनीच आग लावली म्हणावं, तर तीच काडी पलीकडच्या देशात ओढली की ती विझते कशी?

माझं म्हणणं असं: समाजातल्या अनेक भेदांपैकी कोणता भेद राजकीय बनणार आणि तो सभागृहात भांडणार की रस्त्यावर, हे बऱ्याच अंशी वाटपाचे नियम ठरवतात. मतदारसंघ कसे आखले, मताचा हक्क कोणाला दिला, सरकारी नोकरीची परीक्षा कोणत्या भाषेत ठेवली, जनगणनेत कोणते रकाने छापले, आधी केंद्राची निवडणूक घेतली की प्रांतांची. या गोष्टी रुक्ष आहेत, त्यांवर घोषणा देता येत नाहीत, म्हणून त्या वादाबाहेर राहतात. पण अस्मितेला धार येते ती इथेच.

आफ्रिकेतलं एक उदाहरण जणू प्रयोगशाळेसाठीच बेतलेलं वाटावं असं आहे. झांबिया आणि मलावी यांची सीमा वसाहतवाल्यांनी आपल्या सोयीनं आखली आणि चेवा व तुंबुका हे दोन समाज दोन्ही देशांत विभागले गेले. भाषा त्याच, चालीरीती त्याच, जुन्या आठवणीही त्याच. मलावीत या दोघांचं राजकारण एकमेकांविरुद्ध चालतं. १९९४च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत तुंबुकांच्या उत्तर आणि चेवांच्या मध्य भागानं सरळ वेगवेगळ्या पक्षांना मतं दिली. सीमेपलीकडे झांबियात मात्र हेच दोन समाज ‘पूर्वेकडचे’ म्हणून एका बाजूला उभे राहतात. कारण संख्येत आहे. छोट्या मलावीत प्रत्येक समाज स्वतःच्या बळावर सत्तेच्या जवळ जाण्याइतका मोठा आहे. झांबियात दोघेही इतके लहान की एकट्यानं हाती काही लागत नाही, म्हणून जोडीदार शोधावा लागतो. त्यात मलावीचे राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी १९६८ साली चेवांच्या चिचेवा भाषेला राष्ट्रभाषा केलं आणि तुंबुका भाषेला आकाशवाणीवरून व वर्तमानपत्रांतून हद्दपार केलं. भेद दोन्हीकडे एकच होता. सत्तेचा आखाडा वेगळा होता.

उलट दिशेनंही पाहता येतं. सोमालियात जवळपास सर्वांची भाषा एक, धर्म एक. तरी १९९१ साली तिथलं राज्य कोसळलं आणि लढाई कुळांच्या रेषांवर झाली. रवांडात हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत आणि एकाच चर्चमध्ये जात. बेल्जियन प्रशासनानं १९३०च्या दशकात गणना करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात नोंदवली. तोवर ही वर्गवारी माणसाच्या मानमरातबाबरोबर थोडीफार सरकत असे; कागदावर आल्यावर ती बापाकडून पोराकडे जाऊ लागली. १९९४ साली तुत्सींच्या वंशसंहारात रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर मारेकरी तेच कार्ड मागत होते. संस्कृतीच्या अंतरानं हिंसेचं प्रमाण ठरत असतं, तर रवांडा शांत असायला हवा होता.

इथे विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा मान्य केला पाहिजे. नियम-नियम काय करता, माणसं नियमांसाठी मरत नाहीत, भाषेसाठी आणि देवासाठी मरतात, असं ते म्हणतात. खरं आहे. अस्मिता ही भुलावण नव्हे. आपल्या भाषेत अर्ज लिहिता येणं, आपल्या लेकराला परीक्षेत आपल्याच भाषेतला प्रश्न मिळणं, कचेरीतल्या कारकुनासमोर अडाणी न ठरणं, यात पोटही आहे आणि मानही. म्हणून तर नियम इतके महत्त्वाचे. तो मान आणि ती भाकरी कोणाच्या ताटात पडणार, हे तेच सांगतात. श्रीलंकेचा इतिहास या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखा आहे.

सॉलोमन बंदरनायके यांनी १९२६ साली, तरुणपणी, सिलोनसाठी (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) संघराज्याची कल्पना मांडली होती. तेव्हा तमिळ पुढाऱ्यांनी ती उचलली नाही. तीस वर्षांनी हाच माणूस ‘फक्त सिंहली’ अशी हाक देत निवडून आला आणि १९५६ साली तसा कायदा झाला. मधल्या काळात त्यांचा स्वभाव बदलला म्हणावं की गणित? १९४८च्या नागरिकत्व कायद्यानं चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचं नागरिकत्व गेलं आणि पाठोपाठ मताधिकारही गेला. पण मतदारसंघ आखताना लोकसंख्येत त्यांची गणती होतच राहिली. म्हणजे मळ्यांच्या डोंगराळ भागाच्या वाट्याला जागा आल्या मजुरांच्या डोक्यांमुळे, आणि त्या भरल्या तिथल्या सिंहली मतदारांनी. सिंहली मताचं वजन वाढलं, तमिळ मताची गरज संपली. देशातल्या दोन्ही मोठ्या पक्षांना सत्ता एकाच समाजाच्या मतांवर मिळू लागली. युनायटेड नॅशनल पार्टी आधी दोन्ही भाषांच्या बाजूनं होती. १९५६च्या निवडणुकीच्या तोंडावर तीही सिंहलीवर आली. कोण अधिक कडवा, याचा लिलाव सुरू झाला.

अशा लिलावात मवाळ माणसाचं काय होतं, ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं. १९५७च्या जुलैत बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांनी करार केला: प्रादेशिक परिषदा, उत्तर व पूर्वेला कारभारात तमिळ. विरोधी पक्षाचे ज्युनियस जयवर्धने लगेच कॅंडीच्या दिशेनं पदयात्रा घेऊन निघाले. १९५८च्या एप्रिलमध्ये भिक्खूंनी बंदरनायके यांच्या निवासस्थानी ठाण मांडलं आणि करार बारगळला. पुढच्याच महिन्यात दंगली झाल्या. १९६५ साली सत्तेत दुसरा पक्ष होता. त्यानं चेल्वनायकम यांच्याशी जवळपास तसाच करार केला, आणि या वेळी विरोधात उतरला बंदरनायके यांचा पक्ष. तोही करार गुंडाळला गेला. नंतर विद्यापीठ प्रवेशात तमिळ माध्यमाच्या मुलांना अधिक गुणांची अट आली, १९८१ साली जाफनाचं ग्रंथालय जळलं, १९८३च्या जुलैतल्या तमिळविरोधी दंगलींनंतर युद्ध सुरू झालं ते २००९च्या मे महिन्यापर्यंत. तमिळलाही राजभाषेचा दर्जा देणारी तेरावी घटनादुरुस्ती १९८७ साली झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होतं? तेच जयवर्धने. पुढारी दुष्ट होते म्हणून हे झालं, हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. ज्या मांडणीत तडजोड करणारा हमखास हरतो, तिथे संतालाही निवडून यायचं तर कडवेपणाच विकावा लागेल.

सामुद्रधुनीच्या अलीकडे, भारतात, जवळपास हाच पेच होता. घटनेनुसार २६ जानेवारी १९६५ला हिंदीला एकमेव राजभाषा होण्याची मुदत भरत होती. मद्रास राज्यात आंदोलन पेटलं, माणसं मेली, सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे देऊ केले. लालबहादूर शास्त्रींनी इंग्रजी चालू राहील अशी ग्वाही दिली आणि १९६७ साली राजभाषा कायद्यात दुरुस्ती झाली: हिंदी नसलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी संमती दिल्याशिवाय इंग्रजी जाणार नाही. दिल्लीचे नेते कोलंबोच्या नेत्यांपेक्षा थोर होते म्हणून का? काँग्रेसला मद्रासमध्येही मतं हवी होती, हे अधिक खरं कारण. शिवाय भाषेच्या नावानं राजकारण करणाऱ्यांना जिंकण्याजोगं काहीतरी होतं: १९६७ साली द्रमुकनं राज्याची सत्ता घेतली. वेगळ्या द्रविडनाडूची मागणी तिनं १९६३ सालीच सोडली होती. फुटीरतेवर बंदी घालणारी सोळावी घटनादुरुस्ती हे एक कारण, हाताशी आलेलं राज्य हे दुसरं. भाषावार राज्यं केली तर देश तुटेल, असं १९४८चा दार आयोग सांगत होता. पोट्टी श्रीरामुलू यांचं उपोषणात बलिदान झाल्यावर १९५३ साली आंध्र झालं, १९५६ साली मोठी पुनर्रचना झाली, आणि त्या कारणानं तरी देश तुटला नाही.

पण भारताची पाठ थोपटून इथे थांबता येणार नाही. काश्मीर, नागालँड, ऐंशीच्या दशकातला पंजाब हे अपवाद लहान नाहीत. आणि पुनर्रचनेचा तोच उपाय राज्याच्या आत पुन्हा तोच आजार उभा करतो. आसामनं १९६० साली राजभाषा कायदा केला तेव्हा बराक खोऱ्यातल्या बंगाली भाषकांसाठी शिलाँग, म्हणजे आसामची तेव्हाची राजधानी, हीच दिल्ली झाली. १९ मे १९६१ला सिलचर स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. रेघ कुठेही मारा, तिच्या आत कोणीतरी नवा अल्पसंख्य तयार होतो. उपाय म्हणून रेघ मारताना आतल्या माणसाची तरतूद त्याच कायद्यात लागते, नंतर बघू म्हटलं की उशीर होतो.

नियमांचं काम किती बारीक असतं हे पाहायचं तर उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचा हिशोब मांडावा. १९६७ साली तिथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीला कॅथलिक मतदार होते १४,४२९ आणि इतर, म्हणजे प्रामुख्यानं प्रॉटेस्टंट, ८,७८१. नगरपालिकेत मात्र वीसपैकी बारा जागा युनियनिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांच्या. प्रभाग तीन. दक्षिण प्रभागात १०,०४७ कॅथलिक आणि १,१३८ इतर कोंबलेले. त्याला आठ जागा. उत्तर प्रभागात २,५३० कॅथलिक, ३,९४६ इतर; त्यालाही आठच जागा. वॉटरसाइड प्रभागात १,८५२ विरुद्ध ३,६९७, जागा चार. एवढ्यानं भागत नव्हतं म्हणून मताचा हक्क घरमालक किंवा भाडेकरू म्हणून नाव असलेल्याला आणि त्याच्या जोडीदारालाच. पोटभाडेकरूला नाही, आईबापांच्या घरात राहणाऱ्या प्रौढ मुलांनाही नाही. आता नगरपालिकेच्या घरवाटपाकडे बघा. कॅथलिक कुटुंबाला उत्तर प्रभागात घर दिलं की दोन मतं तिथे जमा होणार आणि बहुमत हलणार. मग घरं द्यायची तर दक्षिणेतच. तिथली जमीन संपत आली की बांधकामच रेंगाळायचं. ५ ऑक्टोबर १९६८ला पोलिसांनी ज्या मोर्चावर लाठ्या चालवल्या, त्याच्या मागण्या घर, नोकरी आणि प्रत्येकी एक मत याच होत्या. मोर्चेकरी धर्मशास्त्रावर वाद घालत नव्हते, आणि संयुक्त आयर्लंडही त्या दिवशी मागत नव्हते. पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, तेव्हा मात्र जगभर ‘कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट’ अशीच मांडणी झाली.

यावर चलाख वाचक म्हणेल, नियम लिहितं कोण? बलवानच ना? मग ‘नियम’ हे सत्तेचंच सोज्वळ नाव झालं. आक्षेप वजनदार आहे, डेरीनं तोच सिद्ध केला. पण नियमाची एक सोय असते: तो दाखवता येतो, मोजता येतो, वरच्या सत्तेपुढे नेता येतो. १९६९ साली डेरीची नगरपालिकाच बरखास्त झाली, १९७३ साली स्थानिक निवडणुकांना प्रमाणशीर पद्धत परत आली. संस्कृतीवर असा इलाज कोण करणार? दुसरा आक्षेप त्याहून कठीण: हे बदल होऊनही हिंसा आणखी पाव शतक चालली. हेही मान्य. एकदा रक्त सांडलं की शेजाऱ्याची भीती स्वतःच कारण बनते, आणि मग चूक दुरुस्त करूनही भागत नाही. १९६७ साली जे मतपत्रिकेत बसलं असतं, ते १९७३ साली बसलं नाही.

निवडणुकांचा क्रम हाही असाच दुर्लक्षित मुद्दा. हुकूमशहा फ्रँकोनंतरच्या स्पेननं १९७७ साली आधी देशभराची निवडणूक घेतली, १९७८ साली घटना केली आणि बास्क व कॅटलान प्रदेशांची पहिली निवडणूक १९८०च्या मार्चमध्ये ठेवली. सगळ्या पक्षांना देशभर बोलण्याची सवय आधी लागली. युगोस्लाव्हियानं उलट केलं. १९९०च्या एप्रिलमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात मतदान, वर्षभरात बाकीच्या गणराज्यांत. संघराज्याची बहुपक्षीय निवडणूक कधी झालीच नाही. १९८१च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला ‘युगोस्लाव्ह’ लिहिलं होतं. त्यांनी मत द्यावं कोणाला? त्यांच्यासाठी मतपत्रिकाच छापली गेली नाही. स्पेनमध्ये एटा या बास्क फुटीर संघटनेचे बॉम्ब पुढेही फुटत राहिले, म्हणजे क्रमानं सगळं सुटतं असं नाही. पण देश चालत राहिला.

मग अस्मितेनुसार जागा वाटून टाकाव्यात का? सत्तावाटपाचं हे औषध लोकप्रिय आहे आणि युद्ध थांबवायला ते अनेकदा लागतं. पण त्याचे डोस फार बेफिकिरीनं दिले जातात. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया; संसदेत १९८९च्या ताइफ करारापर्यंत ख्रिस्ती-मुस्लिम प्रमाण सहास पाच, त्यानंतर निम्मं-निम्मं. या वाटपामागची गणना १९३२ची. त्यानंतर देशात अधिकृत जनगणना झालेली नाही, कारण खरा आकडा आला की वाटपच कोसळेल. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारानं तीन सदस्यांचं राष्ट्राध्यक्षपद केलं: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. रोमा आणि ज्यू नागरिक त्या पदाला उभेच राहू शकत नाहीत. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००९ साली हा भेदभाव ठरवला, तरी वर्षानुवर्षं घटना बदलली नाही, कारण बदलणाऱ्यांच्या खुर्च्या त्याच कलमावर उभ्या आहेत.

उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, तर प्रहसन झालं. १९९८च्या शांतता करारानंतर विधानसभेत प्रत्येक सदस्यानं स्वतःला युनियनिस्ट, नॅशनलिस्ट (संयुक्त आयर्लंड मागणारे) किंवा ‘इतर’ नोंदवायचं. महत्त्वाच्या ठरावाला पहिल्या दोन गटांचा वेगवेगळा पुरेसा पाठिंबा लागतो, ‘इतरां’चं मत त्या मोजणीत धरलंच जात नाही. २००१च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड ट्रिंबल यांची प्रथम मंत्री म्हणून फेरनिवड युनियनिस्ट मतं कमी पडल्यानं अडली. तेव्हा दोन्ही गटांबाहेरच्या अलायन्स पक्षाच्या काही सदस्यांनी तात्पुरतं स्वतःला ‘युनियनिस्ट’ नोंदवलं आणि गाडी पुढे सरकली. जे गट ओलांडू पाहतात त्यांनाच गटाचा शिक्का मारून घ्यावा लागावा, याहून उघड दोष कोणता?

नायजेरियानं दुसरी वाट धरली. फुटून निघालेल्या बियाफ्राविरुद्धच्या यादवी युद्धानंतर १९७९च्या घटनेत अट आली: राष्ट्राध्यक्षाला सर्वाधिक मतं हवीतच, शिवाय किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी पाव मतं हवीत. जागा कोणत्याही समाजाला राखून दिली नाही. उमेदवारालाच परक्या अंगणात मतं मागायला पाठवलं. घटना लिहिणाऱ्यांनी एक भागाकार मात्र केला नव्हता. राज्यं एकोणीस, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोन तृतीयांश. आघाडीवरचे उमेदवार शेहू शगारी यांना बारा राज्यांत पाव मतं होती, कानो या तेराव्या राज्यात सुमारे वीस टक्के. तेरा राज्यं हवीत की कानोच्या दोन तृतीयांश मतांची चौथाई पुरे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल शगारींच्या बाजूनं लागला, आणि शंका कायम राहिली. राज्यं वाढत छत्तीस झाली, तसा ‘मूळ रहिवासी’ दाखल्याचा प्रश्नही वाढला: आजोबांपासून जोस शहरात राहणाऱ्यालाही तो दाखला नसेल तर नोकरी आणि शिष्यवृत्ती दुर्मीळ. २००१ साली जोसमध्ये याच तणावातून कत्तली झाल्या. तरीही राष्ट्रीय पातळीवर ती पाव मतांची अट मला जागावाटपापेक्षा सरस वाटते. दुसऱ्या समाजाच्या मताला ती किंमत देते.

बेल्जियमकडे पाहिलं की नियमांची मर्यादाही कळते. लुव्हाँचं विद्यापीठ डच आणि फ्रेंच अशा भाषांवरून दुभंगलं तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकं सम-विषम क्रमांकांनी वाटली गेली. राष्ट्रीय पक्षही १९६८ ते १९७८ या दशकात एकेक करून भाषेनुसार फुटले. पलीकडच्या मतदाराला विचारण्याचं कारण कोणालाच उरलं नाही, आणि २०१०-११मध्ये देश ५४१ दिवस सरकारविना राहिला. रक्त मात्र सांडलं नाही. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

हे सगळं फार संथ आणि कारकुनी आहे, अशी तक्रार होईलच. स्वित्झर्लंडमधल्या जुराचा प्रश्न पाहा. बर्न कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथलं घटकराज्य) फ्रेंच भाषकांना वेगळं व्हायचं होतं. १९६०च्या दशकात तिथे जाळपोळही झाली. मग पायऱ्या ठरल्या. १९७४ साली सात जिल्ह्यांचं एकत्र मतदान, नंतर नको म्हणणाऱ्या जिल्ह्यांचं वेगळं, नंतर सीमेवरच्या गावांचं, १९७८ साली साऱ्या देशाचं, आणि १९७९च्या १ जानेवारीला नवा कँटन. दक्षिणेकडचे फ्रेंच भाषक, पण प्रॉटेस्टंट लोक जर्मन भाषक प्रॉटेस्टंट बर्नमध्येच राहिले. भाषेपेक्षा धर्म त्यांना जवळचा वाटला, आणि प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांत विचारला म्हणून ते सांगता आलं. मूतिए हे एक गाव तेवढं लटकत राहिलं. २०१७चं तिथलं मतदान मतदारयादीतल्या गडबडींमुळे रद्द झालं, २०२१ साली निरीक्षक बसवून ते पुन्हा घेतलं गेलं, आणि गाव जुरात गेलं २०२६च्या १ जानेवारीला. पहिल्या मतदानानंतर एक्कावन्न वर्षांनी.